चाकांचे जोडे

आज विमानाच्या अशा एका भागाबद्दल बोलायचं आहे ज्याच्याकडे आपण फोटोतही बघत नाही. छोट्या विमानाच्या चाकांवर जे थेंबाच्या आकाराचं टोपण असतं ना, ते. आणि चाकाला धरून ठेवणाऱ्या पायावरचं आवरण. इंग्रजी तांत्रिक शब्द ‘फेअरिंग’. अमेरिकेत त्याला ‘व्हील पँट’ म्हणतात, म्हणजे चाकाची विजार, आणि ब्रिटनमध्ये ‘स्पॅट’, म्हणजे बुटावर घालायचं ते जुन्या साहेबी थाटाचं कापडी आवरण. मी आपला ‘जोडे’ म्हणतो.

सुरुवात ओळखीच्या प्रसंगाने करू. १५ ऑक्टोबर १९३२. जे.आर.डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला थांबले आणि मुंबईत जुहूला उतरले. विमान होतं डी हॅविलँड कंपनीचं ‘पस मॉथ’. ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. पण त्या पस मॉथमध्ये एक गंमत होती, ती फारशी कोणी सांगत नाही. त्याच्या चाकांना आधार देणारे जे लांब दांडे होते, ज्यांत धक्के शोषायची सोय असते, त्यांच्यावर लांबट पातळ आवरण होतं. वैमानिकाला ते आतून फिरवता यायचं. नेहमी ते कडेने हवा कापत जायचं. उतरताना ते ९० अंशांत वळवलं की तेच आवरण हवेत आडवं उभं राहायचं आणि विमानाचा वेग मारायचं. म्हणजे ब्रेक! १९८२ साली पन्नास वर्षं झाली म्हणून जेआरडींनी तोच प्रवास पुन्हा केला. तेव्हा ते ‘लेपर्ड मॉथ’ या त्याच घराण्यातल्या विमानातून आले, आणि त्यातही हीच युक्ती होती.

या एका युक्तीत आजचा सगळा विषय आहे. चीज तीच, हात-दोन हात लांबीची. नीट धरली तर हवेला कळतही नाही, वाकडी धरली तर अख्खं विमान मागे खेचते. पुढे मी माझी स्वतःची एक फजिती सांगणार आहे, तेव्हा हे लक्षात ठेवा.

गोल दांडा हवेला इतका का आवडत नाही? आपल्याला वाटतं गोल म्हणजे गुळगुळीत, हवा घसरून जाईल. पुढून ती घसरतेच. पंचाईत मागे होते. १९०४ साली हायडेलबर्गच्या गणित परिषदेत लुडविग प्रांटल या जर्मन शास्त्रज्ञाने सांगितलं की पृष्ठभागाला अगदी चिकटून हवेचा एक पातळ थर असतो, आणि सगळं रामायण त्या थरात घडतं. गोल दांड्याच्या मागे वळताना हा थर दमतो, सुटतो, आणि मागे भोवऱ्यांची शेपूट तयार होते. ती शेपूट म्हणजे कमी दाबाचा खड्डा. विमान तो खड्डा सतत ओढत नेतं. दांड्याच्या मागे निमुळती शेपटी जोडली की हवेला हळूहळू जवळ यायला जागा मिळते आणि खड्डा पडतच नाही. फरक किती? दांडा आणि त्याच्या दहापट जाडीचा नीट आकाराचा पंखासारखा छेद, दोघांचा विरोध साधारण सारखाच. दहापट जाड!

इथे एक घरचं नाव घ्यायलाच हवं. या प्रांटल यांच्याकडे गोटिंगेनला डॉक्टरेट केलेले एक मराठी गृहस्थ होते, डॉ. वि. मा. घाटगे. पुढे बेंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी एचटी-२ हे प्रशिक्षण विमान रचलं. ते १९५१ च्या ऑगस्टमध्ये उडालं. आपल्याकडे रचना होऊन कारखान्यातून रांगेने बाहेर पडलेलं ते पहिलं विमान. म्हणजे त्या पातळ थराची विद्या आपल्याकडे एका पिढीतच, थेट गुरूच्या हातून आली होती.

आता थोडा हिशेब करू. कागद नको, तोंडी जमेल. समजा घरी बांधलेलं दोन माणसांचं विमान आहे आणि त्याचे पाय म्हणजे पोलादाच्या दोन कांड्या. जाडी तीन सेंटिमीटर, लांबी पाऊण मीटर. समोरून बघितलं तर एकेक कांडी २२५ चौरस सेंटिमीटर, दोन्ही मिळून ४५०. एका ए-फोर कागदाच्या पाऊणपट. हातात धरा, काहीच नाही. पण ताशी ३०० किलोमीटरला, समुद्रसपाटीच्या हवेत, त्या दोन उघड्या कांड्या साधारण २३ किलो वजनाइतक्या जोराने विमान मागे ओढतात. ते भागवायला जवळपास २५ अश्वशक्ती लागते. एका स्कूटरची नव्हे, दोन-तीन स्कूटरींची ताकद, नुसत्या दोन कांड्यांना हवेतून ओढायला! त्यांच्यावर नीट आवरण घातलं की हाच आकडा तीन-चार किलोवर येतो. यात चाकं धरलेलीच नाहीत.

हे गणित विमान बांधणाऱ्यांना लगेच कळलं असं नाही. पहिलं महायुद्ध संपून दहा वर्षं झाली तरी विमानं म्हणजे दोऱ्या, खांब आणि उघडी चाकं. मग १९२९ साली केंब्रिजच्या प्राध्यापक मेल्विल जोन्स यांनी लंडनच्या रॉयल एरोनॉटिकल सोसायटीपुढे एक व्याख्यान दिलं. विषय, प्रवाहाच्या आकाराचं विमान. त्यांचं म्हणणं असं की आदर्श आकाराच्या विमानाला हवेच्या निव्वळ घर्षणाला जेवढी शक्ती लागायला हवी तेवढी मोजा, आणि आपली विमानं प्रत्यक्षात किती खातात ते बघा. मधली सगळी तफावत ही आपली आळशी रचना. हॉलमध्ये बसलेल्या कारखानदारांना ते झोंबलं असणार.

अमेरिकेत हीच गोष्ट मोजून निघाली. लँग्लीच्या सरकारी प्रयोगशाळेत १९२७ साली २० फूट व्यासाचा वातबोगदा उभा राहिला. त्यात खरं विमान आणून ठेवता यायचं. स्पेरी मेसेंजर नावाचं चिमुकलं विमान त्यात ठेवलं, तेव्हा दिसलं की त्याच्या धडाच्या विरोधातला ४० टक्क्यांच्या आसपास वाटा एकट्या चाकं-पायांचा आहे. इंजिनाचं तोंड, पायलटचं डोकं सगळं बाजूला, आणि खलनायक निघाला पायाखाली.

त्याच वर्षी, १९२९ ला, क्लीव्हलँडच्या शर्यतीत ट्रॅव्हल एअर कंपनीचं एक लाल-काळं विमान उतरलं. आणताना ते झाकून आणलं म्हणून वर्तमानपत्रांनी त्याला ‘मिस्टरी शिप’ म्हटलं. कंपनीतल्या हर्ब रॉडन आणि वॉल्टर बर्नहॅम या दोन तरुण इंजिनियरांनी त्याचं काम आधी नोकरीच्या वेळेबाहेर सुरू केलं होतं. इंजिनावर नवं झाकण, आणि चाकांवर गुबगुबीत जोडे. डग डेव्हिसने ते चालवलं आणि लष्कराच्या विमानांना मागे टाकून शर्यत जिंकली. सैन्याचा पैसा, सैन्याचं इंजिन, आणि जिंकलं कोण, तर एका खासगी कंपनीचं जोडे घातलेलं विमान. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण घरी विमान बांधणाऱ्यांचा सगळा स्वभाव यात आधीच दिसतो.

पण मोठ्या विमानांचा रस्ता लवकरच वेगळा झाला. १९३३ चं बोइंग २४७ घ्या किंवा त्यानंतरची डग्लस विमानं, त्यांनी चाकं पोटात ओढून घेतली. दृष्टीआड सृष्टी. जॅक नॉर्थ्रॉपसारखे काही रचनाकार आणखी थोडी वर्षं पायांवर विजारी चढवत राहिले, पण वेग वाढत गेला तशी ती वाट मोठ्यांसाठी बंद झाली. जोडे उरले ते चिखलात उतरणाऱ्या लष्करी विमानांवर. जर्मनांचं श्टूका आठवा. आणि आपलं लायसँडर. १९४२ साली ब्रह्मदेशात भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनने ‘जंबो’ मजुमदारांच्या नेतृत्वाखाली जी विमानं लढवली, ती हीच. लायसँडरच्या जोड्यांमध्ये मशीनगन बसवलेल्या असत, उतरतानाचे दिवेही त्यांतच, आणि बाहेर छोटे पंख लावून त्यांना बॉम्ब टांगायचे. जोडा नव्हे, कपाटच! श्टूकाचं उलट झालं. रशियाच्या चिखलात जोडे भरून चाकं अडायची, म्हणून तिथे ते कित्येकदा काढूनच टाकले जात. चिखल हा या गोष्टीतला कायमचा पाहुणा आहे, तो परत येईल.

युद्धानंतर हा अनाथ भाग कोणी दत्तक घेतला? गॅरेजमध्ये विमान बांधणाऱ्यांनी. आणि याची दोन कारणं आहेत, एक पायाचं आणि एक जोड्याचं.

पायाचं कारण म्हणजे स्टीव्ह विटमन. विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉशचा हा माणूस. शर्यतीची विमानं स्वतः रचायचा, स्वतः बांधायचा, स्वतःच उडवायचा. त्या काळी पाय म्हणजे रबर, स्प्रिंगा, बिजागऱ्या यांचा गुंता असे. विटमनने तो सगळा काढला आणि पोलादाची एक लवचिक पट्टी लावली, बैलगाडीच्या नव्हे, मोटारीच्या कमानीसारखी. पट्टी स्वतःच वाकते, स्वतःच परत येते. हे हक्क पुढे सेसना कंपनीने घेतले आणि १९४६ च्या सेसना १४० पासून हजारो विमानं त्या पायांवर उभी राहिली. नंतर विटमनने पट्टीच्या जागी निमुळती गोल पोलादी कांडी आणली. हलकी, स्वस्त, लेथवर करता येणारी. दोष एकच, मघाशी सांगितलेला. ती गोल होती.

१९५३ च्या जानेवारीत मिलवॉकीजवळ पॉल पोबेरेझ्नी यांनी घरी विमान बांधणाऱ्यांची संघटना काढली, एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन. १९७० पासून तिचा मेळा ऑशकॉशलाच भरतो. तिथल्या विमानतळाला विटमनचं नाव आहे. १९७१ साली ओरेगनमध्ये रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी आरव्ही-३ हे एका माणसाचं ॲल्युमिनियमचं विमान उडवलं. पाय विटमनच्या पद्धतीची कांडी. पुढे त्यांनी किट विकायला सुरुवात केली, आणि आज त्या घराण्याची अकरा हजारांवर विमानं उडाली आहेत. व्हॅनग्रन्सव्हेनचा आग्रह असा की चाकं पोटात घेण्याची यंत्रणा नको. वजन, पैसा, बिघाड, आणि एक दिवस चाकं काढायला विसरून पोटावर उतरणारा पायलट. त्यापेक्षा पाय बाहेरच ठेवा, आणि त्यांना इतके चांगले कपडे घाला की हवेला ते कळू नयेत.

आता जोड्याचं कारण. थेंबाचा आकार दोन्ही दिशांनी वळलेला असतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून तो काढायचा म्हणजे लाकडी ठोकळ्यावर, वाळूच्या पिशवीवर ठोकून ठोकून पत्रा ताणायचा, मग दोन भाग वेल्ड करायचे. आपल्याकडच्या गॅरेजमधल्या उत्तम डेंटरला विचारा, तोही म्हणेल की दोन्ही बाजूंचे सारखे काढणं ही खरी परीक्षा. बँकेत नोकरी करणारा, रविवारी विमान बांधणारा माणूस हे कुठून करणार?

फायबरग्लासने ही अट मोडली. काचेचा तंतू कारखान्यात स्वस्तात निघू लागला १९३०च्या दशकात. खोलीच्या तापमानाला, भट्टीशिवाय, दाबाशिवाय घट्ट होणारी रेझिनं युद्धाच्या आसपास आली. काचेचं कापड मऊ असतं. साच्यावर पसरलं की बसतं, रेझिन पाजलं की दुसऱ्या दिवशी दगड. एका माणसाने एकदा चांगला साचा केला की शंभर जण त्यातून जोडे काढू शकतात. पेणच्या गणपती कारखान्यात गेलेल्यांना हे समजावून सांगायला नको. कसब हातोड्यातून निघालं आणि साच्यात गेलं. १९५७ साली श्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांनी ‘फिनिक्स’ नावाचं अख्खं ग्लायडर काचेच्या कापडाचं करून उडवलं. १९७५ मध्ये बर्ट रुटानने ‘व्हेरीईझी’ उडवलं, ज्याला साचाही लागत नव्हता. फोमचा ठोकळा गरम तारेने कापायचा आणि त्यावर कापड चढवायचं. त्याच्या लाँग-ईझी या पुढच्या विमानाचे पायसुद्धा काचेच्या तंतूंचे.

हे लोण आपल्याकडे आलं तेही घरगुती विमानाच्या वाटेनेच, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. बेंगळुरूच्या एनएएलने १९८०च्या दशकात काचतंतूंचा हात बसावा म्हणून लाँग-ईझीच्या रचनेवरच एक विमान बांधलं आणि १९८७ मध्ये उडवलं. मग १९९३ मध्ये हंसा आलं, आणि २००० साली हंसा-३ ला प्रमाणपत्र मिळालं. म्हणजे अमेरिकेतल्या गॅरेजची विद्या आपल्या सरकारी प्रयोगशाळेने शिकून घेतली. यात कमीपणा काही नाही, उलट मला शहाणपण दिसतं.

मीही बेंगळुरूत बरीच वर्षं या रेझिन-कापडाच्या कामात काढली. म्हणून निवृत्तीनंतर विस्कॉन्सिनला पुतण्याकडे गेलो आणि तो गॅरेजमध्ये आरव्ही-७ बांधतोय हे पाहिलं, तेव्हा मला वाटलं, जोडे म्हणजे काय, आठ दिवसांचं काम! तो म्हणाला, “काका, सगळे म्हणतात की पंखापेक्षा हेच जास्त रडवतं.” मी हसलो.

काम असं असतं. जोडे किटमध्ये तयार येतात, पुढचा आणि मागचा असे दोन भाग. पण ते कुठे बसवायचे, किती वळवायचे, हे तुम्ही ठरवायचं. आधी विमान उड्डाणाच्या स्थितीत आणायचं. याचं शेपटीचं चाक छोटं, म्हणून जमिनीवर नाक वर असतं. शेपूट उचलून घोडीवर ठेवायची आणि लेव्हल लावून बघायचं. मग धडाच्या मध्यावरून पुढे आणि मागे ओळंबा सोडायचा, फरशीवर दोन खुणा करायच्या आणि खडू लावलेली दोरी फटकारायची. गवंडी भिंतीला करतो तेच. त्या रेघेला समांतर रेघ प्रत्येक चाकाखाली. आता जोड्याचं नाक आणि शेपटीचं टोक, दोन्हीकडून ओळंबा सोडला की तो त्या रेघेवर पडला पाहिजे. पायाच्या आवरणाची पद्धत आणखी छान आहे. दोरी आवरणाच्या पुढच्या कडेवरून वळवून तिची दोन टोकं दोन्ही बाजूंनी मागे न्यायची, विमानाच्या मधल्या रेघेला समांतर. आवरणाची मागची धारदार कड त्या दोन दोऱ्यांच्या बरोबर मध्ये आली की ते सरळ. यंत्र नाही, लेझर नाही. दोरी.

आणि एक अट, सगळ्यात महत्त्वाची. चाकांवर वजन नको. हवेत असताना पाय लोंबकळतात. जमिनीवर असताना इंजिन आणि धड त्यांना दाबतं, ते बाहेर फाकतात, थोडे पिळतातही. जोडे हवेत सरळ हवेत, म्हणून विमान उचलून, चाकं अधांतरी ठेवून बसवायचे.

मला हे माहीत नव्हतं का? वाचलं होतं. पण गॅरेजचं छत ठेंगणं, उचलायची चेनपुली भाड्याने आणावी लागणार, आणि मी म्हटलं, “अरे, किती फरक पडणार? एक बाजू उरकून घेऊ.” डावी बाजू आम्ही विमान चाकांवर उभं असतानाच बसवली. पुढच्या शनिवारी उजवीकडचा ब्रेक उघडायचा होता म्हणून ती बाजू जॅकवर उचललेली होती. उजवा जोडा आम्ही तशाच अवस्थेत बसवला. म्हणजे एक पाय फाकलेला असताना आणि दुसरा लोंबकळताना. दोन्हीकडे ओळंबा अगदी रेघेवर पडत होता. माझं समाधान झालं होतं.

मग सांध्यांचं काम. पाय धडाला मिळतो तिथे आणि जोड्याला मिळतो तिथे कोन असतो, आणि कोनात हवा तुंबते. तिथे मातकामाची चिकणमाती बोटाने ओढून छान गोलाई द्यायची, भोवती चिकटपट्टी लावायची, त्यावर मेण, आणि मग काचेच्या कापडाचे तुकडे रेझिनमध्ये भिजवून थर द्यायचे. एक थर वाळायच्या आत पुढचा. रेझिन आणि हार्डनर वजनावर मोजायचं, अंदाजाने नाही. बेंगळुरूच्या एप्रिलमध्ये मी एकदा मोठा पेला एकदम कालवला होता, तो हातातच धुमसायला लागला. विस्कॉन्सिनच्या ऑक्टोबरमध्ये उलट, रात्रभर दिवा लावून ठेवला तरी सकाळी कापड चिकट. घट्ट झालं की उचकटायचं, कडा कापायच्या, आणि मग घासणं. सूक्ष्म काचगोळ्यांची पूड रेझिनमध्ये घालून लांबी करायची, भरायची, घासायची. प्रायमर मारला की सुईच्या टोकाएवढी शेकडो भोकं दिसतात. परत भरायची. काचेची धूळ मनगटाच्या आत शिरते आणि दोन दिवस खाजते. मास्क लावायलाच हवा, यात चालढकल नको. माझ्या पिढीने ती केली आणि त्यातले काही जण आज खोकतात.

आठ दिवसांचं काम सहा आठवडे चाललं. विमान उडालं. पहिली उड्डाणं जोड्यांशिवाय करायची पद्धत आहे, ती त्याने पाळली, आणि सगळं उत्तम होतं. मग जोडे चढवले. तो उतरला, हेल्मेट नव्हे, हेडफोन काढला आणि काही बोलेना. मी विचारलं, वेग? वाढला, पण वाढायला हवा तितका नाही. आणि विमान एका बाजूला तोंड फिरवत होतं. सरळ ठेवायला त्याला सगळा वेळ एका पायाने रडर दाबून ठेवावा लागत होता. जोडे काढले की विमान सरळ. जोडे घातले की वाकडं.

पस मॉथचा वैमानिक जे मुद्दाम करायचा ते मी नकळत केलं होतं, तेही एकाच बाजूला.

त्या रात्री पुतण्याने मला एक शब्दही उलट बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं. मी वयाने मोठा, त्यात या कामातला म्हणवणारा, म्हणून त्याने स्वतः वाचलेली सूचना बाजूला ठेवली होती. उद्या तो माझा शब्द प्रमाण मानून पंखाच्या बोल्टबाबत असंच करता तर? सकाळी मीच म्हटलं, “चुकलं माझं. चेनपुली आण.” विमान उचललं, चाकं अधांतरी केली, रेघा पुन्हा मारल्या. डाव्या जोड्याचं शेपूट रेघेपासून जवळपास दोन बोटं बाहेर होतं. जुनी भोकं काचेने बुजवली, नवी पाडली, डावीकडचे दोन्ही सांधे फोडून पुन्हा केले. आणखी तीन आठवडे.

हे मी विनोद म्हणून सांगत नाही, कारण या छंदात थरांची चिकटण चुकली तर काय होतं याचं उदाहरण विटमन स्वतःच आहे. एप्रिल १९९५ मध्ये तो आणि त्याची पत्नी पॉला, त्यानेच रचलेल्या आणि बांधलेल्या विमानातून जात असताना अलाबामात कोसळले. त्याचं वय ९१ होतं. चौकशीत निघालं की पंखावरचं कापड खालच्या प्लायवूडपासून सुटलं आणि पंख फडफडून तुटला. साठ वर्षांवर विमानं बांधलेला माणूस. त्याच्या हातात कसब नव्हतं असं कोण म्हणेल?

जोड्यांचे स्वतःचे धोकेही आहेत. ओल्या गवतावर आणि चिखलात ते भरतात, टायर घासतो. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लाइंग क्लबच्या सेसनांचे जोडे काढून हँगरच्या कोपऱ्यात ठेवलेले मी पाहिले आहेत, धूळ खात, कधीकधी परत न चढण्यासाठी. ब्रेकवरच वळण घेणाऱ्या विमानांत ब्रेक तापतात, आणि जोड्याच्या आत ती उष्णता कोंडते. त्यातून आगी लागल्याच्या नोंदी आहेत. शिवाय झाकलेल्या टायरची हवा कमी झालेली दिसत नाही. त्यासाठी लोक जोड्याला छोटं दार करतात.

एवढं सगळं असून जोडा जिंकला का? मला वाटतं, हो, आणि त्याचा पुरावा गंमतशीर आहे. १९८०च्या दशकात विस्कॉन्सिनमधल्याच बाराबू गावात क्लॅपमायर बंधूंनी एका कोठारात व्हीके-३० नावाचं किट विमान केलं. त्याची चाकं पोटात जायची. त्याच सिरस कंपनीने १९९८ मध्ये प्रमाणपत्र मिळवलेलं एसआर-२० हे विमान मात्र पाय बाहेर आणि चाकांवर जोडे, असं होतं. लान्स नायबॉवर यांच्या लँकेअरचंही तेच. आधीची वेगवान किटं चाकं ओढून घेणारी, आणि त्यातून निघालेलं कोलंबिया स्थिर पायांचं. साचे इतके अचूक झाले होते, सांध्यांची गोलाई इतकी समजली होती, की यंत्रणेच्या वजनाला आणि विम्याच्या हप्त्याला तेवढ्या थोड्या वेगाची किंमत उरली नाही. १९३३ मध्ये मोठ्यांनी टाकून दिलेली वाट गॅरेजवाल्यांनी साठ वर्षं झाडून ठेवली होती.

आपल्याकडे अशी गॅरेजं फार कमी आहेत. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपला कॅप्टन अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा जणांचं विमान बांधलं, २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात ते लोकांना बघायला मिळालं, आणि नोंदणी मिळाली २०१७ च्या शेवटी. या नोंदणीसाठी त्यांना किती वर्षं झगडावं लागलं हे वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना आठवत असेल. अमेरिकेत हजारो माणसांनी एकमेकांच्या चुका मासिकांत लिहून, मेळ्यात दाखवून ही विद्या वाढवली. दोरी दुहेरी करून मागे न्यायची ती युक्ती कुठल्या पुस्तकी पंडिताने काढलेली नाही.

पुतण्याचं विमान आता सरळ उडतं. नोव्हेंबरात बर्फ पडायला लागला की तो जोडे काढतो, चिखल-बर्फ आत गोठून चाक अडू नये म्हणून. ते गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेले असतात. डाव्या जोड्याच्या आतल्या बाजूला माझी बुजवलेली भोकं आहेत. त्याने तिथे रंग दिलेला नाही.